‘आधी तुमचे घ्या, बाकीच्यांचे नंतर पाहू’ : या देकाराला काय उत्तर द्यावे?

प्रिय ताई,
सप्रेम नमस्कार.

तुमचे चार पानी पत्र मी दोनदा वाचले. इतर वाचकांना संदर्भ लागावा म्हणून त्याचा गोषवारा आधी देते. तुम्ही सोलापुरातल्या एका खासगी न्यासाच्या रुग्णालयात वॉर्डात मावशी म्हणून काम करता. त्याच आवारात त्याच न्यासाची शाळा आहे. रुग्णालयाच्या हजेरीपटावर ९५ साहाय्यक कर्मचारी आहेत, शाळेच्या हजेरीपटावर शिपाई, प्रयोगशाळा परिचर आणि बसमधल्या मदतनीस मिळून ३५ आहेत, तर सफाईची ५० माणसे ठेकेदाराकडची आहेत. गेल्या वर्षी तुम्ही संघटना नोंदवली, मागणीपत्र दिले, आणि वाटाघाटीच्या पहिल्याच बैठकीत व्यवस्थापनाने तोंडी सांगितले की रुग्णालयातल्या कायम कर्मचाऱ्यांना दहा टक्के वाढ लगेच देतो, मात्र शाळेचा आणि ठेक्यावरच्या लोकांचा विषय तुम्ही सोडा. काही सभासद म्हणतात, हातात येते ते घ्यावे. व्यवस्थापक म्हणतात, धर्मादाय संस्थेला हे कायदे लागूच नाहीत. संपाचे नाव काढले की वॉर्डातले पेशंट तुमच्या डोळ्यांसमोर येतात. आणि शेवटी तुम्ही विचारले आहे, ‘मी दहावी शिकलेली, समोर वकील बसणार, मी तिथे काय बोलू?’

माझे मत आधीच स्पष्ट सांगते. हा देकार आहे तसा स्वीकारू नका, पण तो फेटाळून बैठकीतून उठूही नका. दहा टक्के देण्याची तयारी व्यवस्थापनाने स्वतःहून दाखवली आहे, म्हणजे पैशाची सोय आहे हे त्यांनी मान्य केले आहे. ती वाढ कोणाकोणाला आणि कशा प्रकारे मिळावी, यावर आता बोलणी व्हायला हवी.

शाळेतल्या आणि ठेक्यावरच्या सहकाऱ्यांना सोडू नका असे मी केवळ माणुसकीच्या नात्याने सांगत नाही. ते कारण माझ्या दृष्टीने पुरेसे आहे, पण सभेत तुम्हाला आकड्यांची गरज पडेल. केंद्र सरकारची औद्योगिक संबंध संहिता, २०२० ही २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आहे. एका आस्थापनेत एकापेक्षा जास्त संघटना असतील तर हजेरीपटावरच्या किमान ५१ टक्के कामगारांचा पाठिंबा असलेली संघटना एकमेव वाटाघाटी संघटना ठरते, आणि तेवढा पाठिंबा कोणाकडेच नसेल तर किमान २० टक्के पाठिंबा असलेल्या संघटनांची मिळून परिषद बसते, अशी तिची तरतूद आहे. तुम्ही कळवलेल्या आकड्यांनुसार रुग्णालयातले ५८ आणि शाळेतले २४ असे ८२ जण तुमचे सभासद आहेत. न्यासाच्या हजेरीपटावर दोन्हीकडचे मिळून १३० जण आहेत, म्हणजे तुमचा पाठिंबा ६३ टक्के होतो. शाळेतले २४ जण दुखावून बाहेर पडले तर उरलेले ५८ जण १३० पैकी ४५ टक्केही भरत नाहीत. आज तुमची संघटना एकटीच आहे, म्हणून हा प्रश्न जाणवत नाही. उद्या दुसरी संघटना उभी राहिली, आणि नाराज सभासद असतील तिथे ती उभी राहायला वेळ लागत नाही, तर एका वाढीच्या बदल्यात पुढच्या प्रत्येक करारातली बसायची जागा तुम्ही गमावलेली असेल. महाराष्ट्रातले जुने कार्यकर्ते १९७१ च्या राज्य कायद्यातली, संघटनेच्या मान्यतेसाठीची ३० टक्क्यांची अट सांगतील. तो आकडा डोक्यात धरून निवांत राहू नका, ५१ च्या वरच राहा.

यावर व्यवस्थापनाचा वकील म्हणेल की रुग्णालय आणि शाळा या दोन वेगळ्या आस्थापना आहेत. हा मुद्दा येणारच, म्हणून त्याची तयारी आतापासून ठेवा. पगार एकाच कार्यालयातून निघतो आणि गरज पडली की रुग्णालयातल्या मावशीला शाळेत पाठवतात, असे तुम्ही लिहिले आहे. अशा बदलीचा किंवा तात्पुरत्या नेमणुकीचा प्रत्येक कागद, अगदी सुपरवायझरने लिहून दिलेली चिठ्ठीसुद्धा, जमा करा. दोन्हीकडच्या पगारपत्रकांवर एकाच न्यासाचे नाव आणि भविष्य निर्वाह निधीचा एकच आस्थापना क्रमांक असेल तर त्यांच्या प्रती एकमेकींशेजारी ठेवा.

‘धर्मादाय संस्थेला कायदा लागू नाही’ या म्हणण्याला घाबरण्याचे कारण नाही, पण ते हसण्यावारीही नेऊ नका. १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने बंगळुरू पाणीपुरवठा मंडळाच्या खटल्यात, न्यायमूर्ती व्ही. आर. कृष्ण अय्यर यांनी लिहिलेल्या निकालाने, रुग्णालये आणि शिक्षणसंस्था या ‘उद्योग’ या व्याख्येत आणल्या. धर्मादाय संस्थांचाही त्या निकालाने वेगळा विचार केला होता. जिथे पगारी माणसे ठेवून नेहमीसारखे काम चालते, तिथे नफा दानधर्माला जातो किंवा सेवा गरिबांना फुकट मिळते एवढ्याने संस्था सुटत नाही. जिथे माणसे स्वतःच सेवाभावाने, मोबदल्याची अपेक्षा न ठेवता राबतात, ती संस्था मात्र निराळी, असा त्याचा आशय आहे. नव्या संहितेने पूर्णतः किंवा मुख्यत्वे धर्मादाय, सामाजिक किंवा परोपकारी सेवा करणाऱ्या संघटनांच्या संस्था व्याख्येतून वगळल्या आहेत, आणि जुन्या निकालाचा फेरविचारही सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये नऊ न्यायाधीशांच्या पीठाकडे सोपवला होता. म्हणून कामगार कायद्याच्या जाणकार वकिलाकडून आजची स्थिती समजून घेतल्याशिवाय या मुद्द्यावर लेखी उत्तर देऊ नका. दरम्यान एक गोष्ट मात्र तुम्ही करू शकता. महाराष्ट्रातल्या ठरावीक निकषांत बसणाऱ्या धर्मादाय रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्यात अशी योजना आहे. तुमच्याकडे उरलेल्या खाटांचे बिल कसे होते, खोलीभाडे, तपासणी आणि औषधांचे दर काय, शाळेची फी किती, हे छापील दरपत्रकांतून दाखवता येते. संस्था मुख्यत्वे धर्मादाय आहे की नाही, हे दारावरच्या पाटीवरून ठरत नाही.

शाळेतल्या सहकाऱ्यांबद्दल आणखी दोन गोष्टी तुमच्या समितीला ठाऊक असायला हव्यात. शिक्षक हे ‘कामगार’ या व्याख्येत येत नाहीत, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १९८८ साली दिला आहे. शिपाई, परिचर, बस मदतनीस यांना तो लागू होत नाही. म्हणून ‘शाळेचे लोक कामगारच नव्हेत’ असे कोणी म्हणाले तर ते शिक्षकांपुरते आहे, हे तिथल्या तिथे सांगा. दुसरे असे की शाळा मान्यताप्राप्त असेल तर तिच्या शिक्षकेतर कर्मचाऱ्यांना खासगी शाळांतील कर्मचाऱ्यांविषयीच्या १९७७ च्या महाराष्ट्र अधिनियमाचे संरक्षण आहे. संघटनेत आहे म्हणून एखाद्या शिपायाला कामावरून काढले, तर आदेश हाती पडल्यापासून ३० दिवसांच्या आत शाळा न्यायाधिकरणाकडे अपील करता येते. ही मुदत चर्चेत घालवू नका. वाटाघाटी चालू आहेत म्हणून अपील लांबवले आणि दिवस उलटून गेले, असे होता कामा नये.

आता पैशाकडे येते. दहा टक्के हा आकडा ऐकायला सर्वांना सारखा वाटतो. उदाहरणादाखल, १४,००० रुपये पगाराच्या मावशीला त्यातून १,४०० मिळतील आणि २८,००० पगाराच्या तंत्रज्ञाला २,८००. दोघांचे मिळून संस्थेला ४,२०० रुपये द्यावे लागतील. तेच ४,२०० प्रत्येकी २,१०० असे वाटले तर संस्थेचा खर्च एका पैशाने वाढत नाही, आणि ज्या घरात महिनाअखेरीस किराणा उधारीवर येतो तिथे ७०० रुपये जास्त पोचतात. टक्केवारी आणि सरसकट रक्कम यांचा मेळ घालून अर्धे-अर्धे करण्याचा मार्गही आहे, आणि वरच्या पगारातले सभासद टिकवायचे असतील तर तो बहुधा घ्यावा लागेल. हा हिशेब तुम्ही व्यवस्थापनापुढे मांडण्याआधी आपल्या सभेत मांडा.

याच जोडीला एक कलम असे आहे की ते नसल्यामुळे पुष्कळ करार वर्षभरात पोकळ होतात. महाराष्ट्रात किमान वेतनावरचा विशेष भत्ता दर सहा महिन्यांनी, जानेवारीत आणि जुलैत, महागाई निर्देशांकानुसार बदलतो. तुमची करारातली वाढ आणि ही भत्त्याची वाढ वेगवेगळी राहील, एकीत दुसरीचे समायोजन होणार नाही, हे स्पष्ट शब्दांत लिहून घ्या. नाहीतर आज मिळालेले हजार-बाराशे रुपये पुढच्या दोन-तीन भत्तावाढींत जिरून जातील आणि पगारपत्रकावरची एकूण रक्कम पाहणाऱ्याला ते कळणारही नाही. शक्य असेल तर कोणाचेही एक पगारपत्रक फळ्यावर मोठे लिहून काढा आणि मूळ वेतन, विशेष भत्ता, घरभाडे, पीएफची कपात, ईएसआयची (कर्मचारी राज्य विम्याची) ०.७५ टक्के कपात असे एकेक सदर सभेत समजावून सांगा. आपल्या पगारातून कापले जाते तेव्हा मालकाच्या बाजूने ३.२५ टक्के भरले जायला हवेत, हे अनेकांना माहीत नसते. भरले जातात का, हे प्रत्येकाने स्वतःच्या खात्यावर पाहावे.

पैशाखेरीजच्या मागण्या तुमच्या मागणीपत्रात अगदी शेवटी आणि एकाच ओळीत उरकल्या आहेत. त्या वर आणा, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. जैववैद्यकीय कचरा व्यवस्थापन नियम, २०१६ नुसार कचरा हाताळणाऱ्या प्रत्येकाला हेपेटायटिस-बी आणि धनुर्वाताची लस तसेच प्रशिक्षण देणे ही रुग्णालयाची जबाबदारी आहे, आणि त्यात ठेक्यावरचा सफाई कामगार वगळलेला नाही. तुम्ही लिहिले आहे की सुया पांढऱ्या डब्यात न टाकता कधी कधी पिवळ्या पिशवीत येतात, आणि ती पिशवी उचलताना तुमच्या सहकारी बाईंच्या पोटरीत सुई घुसली, तेव्हा त्यांना ‘घरी जाऊन साबणाने धुवा’ असे सांगण्यात आले. ताई, हा प्रसंग तारीख, पाळी आणि वॉर्ड यांसह लिहून ठेवा. जखम साबण-पाण्याने धुणे बरोबरच आहे, पण त्यानंतर डॉक्टरांनी तत्काळ तपासून एचआयव्ही आणि कावीळ यांवरचे प्रतिबंधक उपचार लागतात का ते ठरवायला हवे होते. एचआयव्हीवरचे औषध लवकरात लवकर आणि जास्तीत जास्त ७२ तासांच्या आत सुरू करावे लागते. तो खर्च संस्थेने करावा, त्या दिवसांची रजा पगारी असावी आणि प्रत्येक घटनेची वहीत नोंद व्हावी, हे करारातले कलम असायला हवे. डबल ड्युटीचा मोबदला, साप्ताहिक सुटी, रात्रपाळीच्या बायकांना विसाव्याची खोली, आणि बसमधल्या मदतनीसांना उन्हाळी सुटीतला पगार या मागण्यांचेही असेच एकेक स्वतंत्र कलम करा.

ठेक्यावरच्या ५० जणांची वाट अवघड आहे, हे मी लपवत नाही. कागदोपत्री त्यांचा मालक ठेकेदार आहे, ते न्यासाच्या हजेरीपटावर मोजले जाणार नाहीत, आणि त्यांना कायम करून घ्या ही मागणी पहिल्याच करारात पदरात पडेल असे मला वाटत नाही. परंतु ठेकेदाराने वेतन थकवले तर ते चुकते करण्याची जबाबदारी मूळ आस्थापनेवर येते, हे तत्त्व कायद्यात पक्के आहे. त्याच्या आधारे न्यास, ठेकेदार आणि संघटना असा तिहेरी करार मागा. पगाराची ठरलेली तारीख, पीएफ आणि ईएसआयच्या भरण्याची दरमहा प्रत, लस आणि हातमोजे, आणि ठेकेदार बदलला तरी माणसे तीच राहतील हे कलम, एवढे मिळाले तरी त्या घरांत मोठा फरक पडेल.

रुग्णालय आणि शाळा यांचे कर्मचारी एका संघटनेत कुठे असतात, असे तुम्हाला ऐकवले गेले. कॅनडातल्या सर्वांत मोठ्या कामगार संघटनेत, कॅनेडियन युनियन ऑफ पब्लिक एम्प्लॉइजमध्ये, दोन्ही आहेत. तिथल्या ब्रिटिश कोलंबिया प्रांताने २००२ मध्ये कायदा करून आरोग्य कर्मचाऱ्यांच्या करारातली कलमे रद्द केली, तेव्हा प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि २००७ मध्ये सामूहिक वाटाघाटी हा संघटना-स्वातंत्र्याचाच भाग आहे असा निकाल मिळाला. ओंटारियो प्रांतात २०२२ च्या नोव्हेंबरात शाळांतल्या सुमारे ५५,००० साहाय्यक कर्मचाऱ्यांवर कायद्याने करार लादण्यात आला. ते कामावरून बाहेर पडले, इतर संघटना त्यांच्यामागे उभ्या राहिल्या आणि त्याच महिन्यात सरकारने तो कायदा मागे घेतला. पुढे झालेल्या करारात टक्केवारी नव्हती, तर सर्वांना दर वर्षी तासाला एक डॉलर अशी सरसकट वाढ होती, म्हणजे सर्वांत कमी पगाराच्या माणसाला सर्वांत जास्त प्रमाणात. आपल्याकडे मात्र वाटाघाटीचा हक्क संघटना-स्वातंत्र्याच्या मूलभूत हक्कात येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९६१ मध्येच म्हटले आहे. म्हणून आपला आधार संहिता, हजेरीपट आणि सभासदांची एकी एवढाच आहे. सोलापुरात तरी ही एकी नवी नाही. जुनी मिल, लक्ष्मी-विष्णू, नरसिंग गिरजी यांतल्या करारांची भाषा जाणणारे निवृत्त कामगार अजून आपल्या पेठांत भेटतात, आणि घरी बसून विड्या वळणाऱ्या बायकांनी संघटित होऊन कुंभारीला दहा हजार घरांची वसाहत मिळवली, हे या शहराने पाहिले आहे. असा एखादा जाणता माणूस सल्लागार म्हणून समितीत घ्या.

संपाबद्दल तुमच्या मनात जो संकोच आहे त्याचा मला आदर वाटतो. पेशंटची काळजी वाटणारी माणसेच वाटाघाटीला बसावीत. कायद्याने पाहिले तर नोटीस दिल्याखेरीज आणि त्यानंतर १४ दिवस उलटल्याखेरीज संप करता येत नाही, नोटीस ६० दिवसांपुरतीच चालते, समेटाची कार्यवाही (सरकारी समेट अधिकाऱ्यापुढची तडजोडीची बोलणी) सुरू असताना आणि ती संपल्यावर सात दिवस संप बेकायदा ठरतो, आणि निम्म्या किंवा जास्त कामगारांनी एकाच दिवशी ठरवून किरकोळ रजा टाकली तर तोही संपच धरला जातो. हा शेवटचा भाग सभासदांना जरूर सांगा, कारण ‘संप नको, सगळे मिळून सीएल टाकू’ अशी सूचना हमखास येते. सरकारने मेस्मा, म्हणजे अत्यावश्यक सेवा चालू ठेवण्याविषयीचा राज्याचा कायदा, लावला तर रुग्णालयातल्या संपाचे परिणाम आणखी कडक होतात. त्याआधी हाताशी पुष्कळ काही आहे: पाळी सुटल्यावर दारावर निदर्शने, काळ्या फिती लावून काम, पूनम गेटला सुटीच्या दिवशी धरणे. तरीही नोटिशीची वेळ आलीच, तर अतिदक्षता विभाग, अपघात विभाग, प्रसूतिगृह आणि डायलिसिस इथे कोणत्या पाळीत कोण कामावर राहील याची नावानिशी यादी नोटिशीसोबतच जोडा. त्याने नातेवाइकांचा विश्वास टिकतो, आणि तुम्हाला रात्री झोप लागते.

करार झाला की सही कुठे करायची, यालाही महत्त्व आहे. आपसांत केलेला करार फक्त सही करणाऱ्या पक्षांना बांधतो. समेट अधिकाऱ्यापुढे झालेला करार आजच्या आणि उद्या येणाऱ्या सर्व कामगारांना लागू होतो. म्हणून मसुदा ठरल्यावर सहायक कामगार आयुक्तांच्या कार्यालयात समेटाच्या कार्यवाहीतच सह्या होतील असा आग्रह धरा. सही करण्याआधी मसुदा सभेत मराठीत वाचा आणि तेलुगू व कन्नड बोलणाऱ्या सभासदांसाठी त्या त्या भाषेतही कलमवार सांगा, विशेषतः सफाईच्या आणि स्वयंपाकघरातल्या बायकांना.

वकिलापुढे काय बोलू, असे तुम्ही विचारले आहे. कायद्याची भाषा बोलण्याची गरज नाही, ते काम तुमचा सल्लागार करील. एका पाळीत किती पेशंट उचलावे लागतात, कोणत्या दिवशी कोण दोन पाळ्या सलग राबले, सुई कोणाला टोचली, हे त्या खोलीत फक्त तुम्हाला माहीत असेल. तेच तारखेसह सांगा. उत्तर ठाऊक नसेल तर ‘समितीशी बोलून कळवते’ म्हणा, आणि बैठक संपताना झालेल्या बोलण्याचे टिपण दोन्ही बाजूंच्या सह्यांनी करून घ्या.

तोंडी देकाराला लेखी उत्तर द्या आणि कार्यालयातून शिक्क्यासह पोच घ्या. मजकूर असा ठेवता येईल: ‘दि. … रोजीच्या बैठकीत आपण मांडलेल्या तोंडी प्रस्तावाचा संघटनेने विचार केला. वेतनवाढीबाबत चर्चेस संघटना तयार आहे. मागणीपत्र रुग्णालय व शाळा या दोन्ही विभागांतील कर्मचाऱ्यांच्या वतीने एकत्रितपणे दिलेले असल्याने निर्णयही एकत्रितपणे व्हावा. आपला प्रस्ताव आर्थिक तपशिलासह लेखी द्यावा, ठेक्यावरील सफाई कर्मचाऱ्यांच्या प्रश्नासाठी पुढील बैठकीस ठेकेदारास पाचारण करावे, व त्या बैठकीची तारीख पंधरा दिवसांच्या आत कळवावी.’ हे पत्र देण्याआधी ते सर्वसाधारण सभेत मताला टाका. ‘मिळते ते घेऊ’ म्हणणाऱ्या सभासदांना आधी बोलू द्या, त्यांच्या घरची अडचण ऐकून घ्या, मग ६३ आणि ४५ टक्क्यांचा हिशेब फळ्यावर मांडा. पंधरा दिवसांत उत्तर आले नाही तर मागणीपत्र, हे पत्र आणि दोन्हींच्या पोचा घेऊन समेटासाठी सहायक कामगार आयुक्तांकडे अर्ज करा.

तुमची,
सल्ला सदर